शीव, बांध, हद्द, सीमा

मराठीत सीमेसाठी किती शब्द आहेत, कधी मोजून बघितलंय? दोन शेतांच्या मधे असतो तो बांध. गावाभोवती असतं ते गावकूस, आणि त्यातून आत शिरायची ती वेस. दोन गावांच्या मधली ती शीव. मुंबईच्या बेटाची जिथे शीव होती ते ठिकाण आजही शीवच आहे, रेल्वेच्या पाटीवर सायन असलं तरी. पोलीस ठाण्याची असते ती हद्द, देशाची सरहद्द. आणि सीमा म्हटलं की मात्र आवाज जरा चढतो. सीमा लढवायची असते, राखायची असते, आणि वर्षातून एकदा दसऱ्याला ओलांडायचीही असते. शेजारच्याचा बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आपल्याकडे ओढणाऱ्याला आपण 'बांध कोरतो' म्हणतो. जगातली निम्मी युद्धं या दोन शब्दांत सांगून होतील असं मला कधीकधी वाटतं.

सीमेच्या बाबतीत आपण इतके श्रीमंत, पण सीमेच्या आत जे असतं त्याला नाव देताना मात्र आपली पंचाईत होते. राजकीय भूगोलाच्या पुस्तकांत पहिल्याच धड्यात दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतात. एक म्हणजे सत्ता: तिची जमीन, तिची माणसं, तिचं सरकार. दुसरी म्हणजे आपण सगळे एक आहोत असं मानणाऱ्या माणसांचा समूह. पहिलीला राज्य म्हणायचं आणि दुसऱ्याला राष्ट्र. आता अडचण बघा. शिवाजी महाराजांनी स्थापन केलं ते स्वराज्य, म्हणजे सार्वभौम सत्ता. आणि १९६० साली स्थापन झालं तेही राज्यच, पण ते भारतीय संघराज्याचा एक घटक. एकाच शब्दाला दोन कामं. त्यात आपल्या राज्याच्या नावातच 'राष्ट्र' आहे, तेही 'महा' लावून! आणि देश म्हणावं तर कोकणातल्या माणसाला 'देशावरचा' म्हणजे घाटावरचा. थोडक्यात, आमच्या घरात देश, राज्य आणि राष्ट्र हे शब्द एकाच वाक्यात आले की कोणीतरी कोणालातरी 'म्हणजे नक्की काय?' असं विचारतंच.

आमच्या घरात हे शब्द येण्याचं कारण सांगायला हवं. वडिलांचं गाव चंदगड तालुक्यात आणि आईचं माहेर खानापूर तालुक्यात. नकाशा काढून बघा. मधे बेळगाव तालुका, बाजूला सह्याद्री आणि पलीकडे गोवा. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्रीपर्यंत ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती, मुंबई राज्यातल्या बेळगाव जिल्ह्यात. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. आई तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा जन्म मुंबई राज्यातला, शाळेचा दाखला म्हैसूर राज्यातला. ती लग्न होऊन महाराष्ट्रात आली आणि त्यानंतर १९७३ साली माहेरच्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. लग्नापर्यंत तिने खानापूर तालुका सोडला नव्हता. आता कुठल्याही अर्जावर 'जन्माचे राज्य' असा रकाना दिसला की ती पेन खाली ठेवते आणि आमच्याकडे बघते.

एखादी सत्ता 'राज्य' आहे की नाही हे ठरवायला १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात चार कसोट्या दिल्या आहेत: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. कसोट्या कशा स्वच्छ आहेत! राष्ट्राची व्याख्या मात्र इतकी सरळ होत नाही. अर्नेस्ट रेनान या फ्रेंच विचारवंताने १८८२ साली पॅरिसमधे याच विषयावर एक व्याख्यान दिलं. वंश, भाषा, धर्म, भूगोल अशा एकेका गोष्टीने राष्ट्र बनतं का, हे तपासून त्याने त्या सगळ्या अपुऱ्या ठरवल्या. उरलं काय, तर एकत्र भोगलेला भूतकाळ आणि पुढेही एकत्र राहायची इच्छा. शंभर वर्षांनी, १९८३ मधे, बेनेडिक्ट अँडरसनने राष्ट्राला कल्पिलेला समाज म्हटलं. ज्यांना आपण आयुष्यात कधी भेटणार नाही अशा लाखो लोकांना आपण आपलं मानतो, आणि ते मानायला छापलेला मजकूर, विशेषतः वर्तमानपत्र, फार मदत करतं, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं तेव्हा मला मामाच्या ओसरीवरचा 'तरुण भारत' आठवला. बेळगावात १९१९ पासून निघणारं मराठी वर्तमानपत्र. राज्य बदललं, पण पेपर तोच राहिला. अँडरसनला खानापूर माहीत असण्याचं कारण नाही, पण त्याचं म्हणणं मामाला लगेच पटलं असतं.

तर, राज्य ही कागदावरची गोष्ट आणि राष्ट्र ही मनातली. मग सीमा कुठली? मला वाटतं, मनातली गोष्ट कागदावर उतरवण्याचा प्रयत्न म्हणजे सीमा, आणि सगळी भांडणं तिथेच सुरू होतात.

सीमा आखायची कशी यावर स्टीफन जोन्स या भूगोलतज्ज्ञाने १९४५ मधे एक पुस्तकच लिहिलं आहे. आधी प्रदेश कोणाचा ते ठरतं, मग नकाशावर आणि करारात नेमकी रेषा येते, मग जमिनीवर खांब रोवले जातात, आणि शेवटी रोजचा कारभार. फाळणीच्या वेळी यातल्या दुसऱ्या पायरीसाठी सिरिल रॅडक्लिफला जेमतेम पाच आठवडे मिळाले. जुलै १९४७ मधे तो भारतात आला, तोही पहिल्यांदाच, आणि त्याची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. ते दोन दिवस सीमेलगतच्या कित्येक गावांना आपण कुठल्या देशात आहोत हे नक्की माहीत नव्हतं.

आमच्या भागातली रेषा इतक्या घाईत आखली गेली नाही. ती विचारपूर्वक आखली, हेच तर दुखणं आहे. डिसेंबर १९५३ मधे फाजल अली आयोग नेमला गेला. सोबत हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांनी अहवाल दिला. सर्वसाधारणपणे जिल्हा हा एकक धरायचा, जिल्हे फोडायचे नाहीत, असं त्यांचं धोरण. बेळगाव जिल्हा एकसंध धरला तर कानडी बोलणारे जास्त, कारण गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती हा सगळा पूर्वेचा भाग कानडी. तालुका धरला तर पश्चिमेकडचं चित्र पालटतं. आणि गाव धरलं तर आणखीच पालटतं. माणसं तीच, त्यांची भाषा तीच, फक्त मोजायचं माप बदललं की उत्तर बदलतं! महाराष्ट्राची मागणी होती ती गाव हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा या सूत्राची. या सूत्राला पाटसकर यांचं नाव आहे, कारण आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या सीमेचा वाद ह. वि. पाटसकरांनी याच पद्धतीने सोडवला आणि १९५९ मधे तसा कायदाही झाला. तिथे चालतं ते इथे का नाही, हा बेळगावकरांचा प्रश्न अजून तिथेच आहे.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केलं, त्याच वर्षी माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि १९६७ मधे त्यांचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतली २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत. बेळगाव शहर मात्र आहे तिथेच राहावं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने उचलून धरला, आणि अंमलबजावणी कशाचीच झाली नाही. मजा म्हणजे हा अहवाल अमलात आला असता तर खानापूर, म्हणजे माझं आजोळ, महाराष्ट्रात आलं असतं. मामाला हे सांगितलं की तो म्हणायचा, "आणि बेळगाव तिकडं ठेवून आम्ही बाजाराला कुठं जायचं रे?"

मामाचा हा प्रश्न मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त विचार करायला लावतो. कारण तोच प्रश्न सीमेच्या या बाजूला चंदगडलाही आहे. चंदगडहून बेळगाव चाळीसेक किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे रताळी विकायची असोत, लग्नाचा बस्ता बांधायचा असो की मोठ्या डॉक्टरला दाखवायचं असो, आमचं गाव बेळगावला जातं. चंदगडी बोलीत मराठी आहे, कोकणी आहे आणि कानडीही आहे. आमची ताम्रपर्णी घटप्रभेला जाऊन मिळते आणि घटप्रभा पुढे गोकाकच्या धबधब्यावरून उडी घेते. पाणी, बाजार आणि बोली यांनी बनलेला एक प्रदेश आहे, आणि त्याच्या मधोमध शिनोळीजवळ एक रेषा आहे. एरवी ती दिसतही नाही. पाटीवरची लिपी बदलते, बसचा रंग बदलतो, बस्स. पण वातावरण तापलं की पहिल्यांदा बस बंद होतात. डिसेंबर २०२२ मधे तसंच झालं. बसवर दगड पडले, दोन्हीकडच्या फेऱ्या थांबल्या. दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची गृहमंत्र्यांसोबत बैठक झाली. मग त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव केले. कर्नाटकाचा ठराव, एक इंचही देणार नाही. महाराष्ट्राचा ठराव, ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन घेणार. दोन्ही ठराव एकमताने! ज्यांची बस बंद होती त्यांचं मत अर्थात कुठल्याच ठरावात नव्हतं.

लोकांची इच्छा विचारली जाऊ शकते, याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात सार्वमत घेतलं गेलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने प्रश्न मिटला. महाराष्ट्रातल्या अनेकांना ते लागलं, पण निकालाला कोणी आव्हान देत बसलं नाही, आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झालं. भाषेच्या आकड्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा माणसांना सरळ विचारणं बरं, असं हे उदाहरण सांगतं.

पण इच्छाही वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात कानडी बोलणारी गावं आहेत आणि पाण्याचं कायमचं दुर्भिक्ष आहे. तिथल्या काही गावांनी 'पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो' अशी भाषा वेळोवेळी केली. २०२२ मधे कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचाच दाखला दिल्यावर एकदम सगळ्यांना जत आठवलं. या गावांची इच्छा कानडी आहे की तहानलेली? उद्या नळाला पाणी आलं तर राष्ट्र बदलेल का? मी हे चेष्टेने विचारत नाही. रेनान म्हणतो ती एकत्र राहायची इच्छा शेवटी रस्ता, पाणी, शाळा आणि दवाखाना यांच्यावरच उभी असते असं मला वाटू लागलं आहे.

यात आणखी एक गंमत आहे. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या कायद्याने कुठल्याही राज्याची सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण त्याची संमती लागत नाही. याउलट भारताचा तुकडा दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनाच दुरुस्त करावी लागते. १९६० साली बेरुबाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा अभिप्राय दिला होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत राज्याची सीमा मऊ आणि देशाची सीमा कडक. आता प्रत्यक्षात काय झालं बघा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेशाने एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ गावठाणं अदलाबदल करून टाकली. भारताची १११, त्यांची ५१. त्यातलं दहला खगराबारी तर भारताच्या तुकड्यात बांगलादेश, त्यात पुन्हा भारत आणि हे सगळं बांगलादेशाच्या आत, असं होतं. जगातलं अशा प्रकारचं ते एकमेव. १९७४ च्या इंदिरा-मुजीब कराराला एक्केचाळीस वर्षं लागली, शंभरावी घटनादुरुस्ती लागली, पण झालं. दोन सार्वभौम देशांना जे जमलं ते एकाच देशातल्या दोन राज्यांना अजून जमलेलं नाही. महाराष्ट्राने २००४ मधे दाखल केलेल्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे.

त्या अदलाबदलीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथल्या माणसांना नागरिकत्व निवडायची मुभा होती. बांगलादेशात अडकलेल्या भारतीय तुकड्यांत सुमारे ३७ हजार माणसं राहत होती. त्यातली भारत निवडून इकडे आली ती हजाराच्या आत. बाकीच्यांनी आपलं घर, आपलं शेत, आपला शेजार निवडला. झेंडा जो असेल तो असो, पण शाळेत पोराचं नाव खोटा पत्ता न देता घालता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

हे वाचताना मला चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला. आजोळच्या जमिनीची वाटणी व्हायची होती. आई आणि मावशांना हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या होत्या. कागद कानडीत. ज्या शेतात आई लहानपणी भात लावायला उतरायची, त्या शेताच्या उताऱ्यावरचं एक अक्षरही तिला लागत नव्हतं. मराठीत प्रत मिळेल का असं तिने तिथल्या कार्यालयात विचारलं. समोरचा माणूस उद्धट नव्हता, तो फक्त म्हणाला की इथे कानडीतच असतं. मामेभावाने वाचून दाखवलं. तो कानडी शिकलाय, छान बोलतो, त्याला त्यात काही जड वाटत नाही. आईने सही केली, मराठीत. भावावर तिचा पूर्ण विश्वास होता, म्हणून निभावलं. पण परत येताना ती एवढंच म्हणाली, "अंगठा उठवल्यासारखं वाटलं." आई सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि रोज पेपर वाचते.

सीमाप्रश्न म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी ८६५ गावं सांगण्याआधी ही सही सांगेन. आणि प्रामाणिकपणे हेही सांगेन की अक्कलकोटच्या किंवा जतच्या कानडी आजीला मराठी सातबारा हातात घेऊन अगदी असंच वाटत असणार. राज्यं भाषेवर बनली तेव्हाच हे दिसत होतं की कुठलीही रेषा ओढली तरी दोन्हीकडे कोणीतरी उरणारच. म्हणून तर १९५६ मधेच घटनेत ३५० अ हे कलम घातलं गेलं, की अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं. जिथे १५ टक्क्यांहून जास्त लोक ती भाषा बोलतात तिथे सूचना, नियम त्याही भाषेत द्यावेत असंही ठरलेलं आहे. हे नियम पाळायला कुठल्या न्यायालयाच्या निकालाची गरज नाही की एक इंच जमीन हलवायची गरज नाही. पण त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही आणि ठरावही करत नाही. त्यात जोश नाही ना!

आपल्या दोघांच्या जुन्या खुणा तर एकमेकांच्या घरात पडलेल्या आहेत. महाराष्ट्र या नावाचा एक जुना उल्लेख सापडतो तो ऐहोळेच्या शिलालेखात, इसवी सन ६३४ च्या सुमाराचा, आणि ऐहोळे कर्नाटकात. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्याच संतांनी कानडी म्हटलं. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत, आणि मराठीतले जी. ए. कुलकर्णी मूळचे बेळगावचे, नोकरी केली धारवाडला. यातलं कोण कुठल्या राज्याचं, हे ठरवायला कुठला आयोग नेमणार?

दर १ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची फेरी. निकाल कधीतरी लागेल, कोणत्याही बाजूने लागेल, आणि रस्ते तेवढे बदलतील. मला त्या निकालाची उत्सुकता आहे, नाही असं नाही. पण त्याहून जास्त उत्सुकता आहे ती दुसऱ्या दिवशीची. म्हणजे २ नोव्हेंबरला सकाळी कुठल्याशा तालुक्याच्या कार्यालयात एक बाई येईल, खिडकीपाशी उभी राहील आणि आपल्या भाषेत कागद मागेल. तो तिला मिळाला, तर रेषा कुठून गेली याने फारसा फरक पडणार नाही. आणि नाही मिळाला, तर आपण इतकी वर्षं नुसता बांध कोरत होतो, एवढंच.

असो. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामाच्या बोलण्यातला 'रे' बरोबर लिहिलायस.